लेव्हीनाना

कर्कलंड हे नाव मराठी घरांत बदामाच्या पिशवीवरून पोचलं आहे. अमेरिकेहून आलेला जावई बॅगेतून ती पिशवी काढतो, सासूबाई त्यातले बदाम वर्षभर पुरवून वापरतात आणि कर्कलंड हे कुठल्यातरी गोऱ्या शेटजीचं आडनाव असावं असं धरून चालतात. वास्तविक ते गाव आहे. सिएटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टनच्या काठावर. कॉस्टको कंपनीचं मुख्य कार्यालय एकेकाळी तिथं होतं म्हणून पिशवीवर गावाचं नाव आलं. पुढं कंपनी बाहेर गेली, नाव पिशवीवरच राहिलं. या गावात आमचे नाना राहतात आणि निवडणूक आली की लोकांच्या दारात जाऊन, हात जोडायचेच काय ते बाकी ठेवून, 'तुमची घरपट्टी वाढवायला परवानगी द्या' अशी विनंती करतात.

यासाठी त्यांना कोणी पगार देत नाही. नगरपरिषदेवर निवडून जायचं आहे म्हणावं, तर तेही नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवरसुद्धा ते कधी उभे राहिले नाहीत.

बरं, हात सैल असलेला माणूस असता तर गोष्ट वेगळी होती. नाना कोथिंबिरीच्या जुडीमागे पंचवीस सेंट वाचतात म्हणून शेजारच्या बॉथेलला गाडी घेऊन जातात. झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घालतात. लांबून पाहणाऱ्याला तोरण वाटतं. पार्सल आलं तर चिकटपट्टी अखंड सोलून काढायचा त्यांचा प्रयत्न असतो. हॉटेलात बिल आलं की चष्मा लावतात. आणि हाच माणूस, हजारी वीस सेंट जास्त कर द्या, म्हणून पावसात दारोदार फिरतो. पाऊस म्हणजे सिएटलचा, थांबतही नाही आणि धड पडतही नाही असा.

नाना मूळचे कृष्णाकाठचे. गल्लीतल्या गणेश मंडळाची वर्गणी गोळा करण्यात त्यांचं शालेय शिक्षण झालं. दोघांनी जायचं, एकट्यानं कधीच नाही. संध्याकाळी, घरात दिवे लागल्यावर आणि टीव्हीवरची मालिका सुरू व्हायच्या आत. पावतीपुस्तकाचं पहिलं पान गल्लीतल्या सगळ्यात कंजूष माणसाच्या नावानं फाडलेलं असलं पाहिजे, म्हणजे पुढचे लाजतात. कर्कलंडला ते हेच करतात. फक्त पावतीपुस्तकाच्या जागी हातात फोन असतो, त्यावर कुठल्या घरात किती मतदार आणि त्यांनी मागच्या निवडणुकांत मत टाकलं की नाही याची यादी. मत कोणाला दिलं ते अर्थातच नसतं. पण दिलं का नाही ही नोंद तिथं सार्वजनिक असते. नाना ती यादी पत्रिका पाहिल्यासारखी पाहतात. "हा बघ, चाळीस वर्षांचा, मोठं घर, आणि ऑगस्टच्या निवडणुकीत मतच नाही. याच्याकडे चहा घ्यायचा नाही."

हा दारोदारीचा उद्योग लागतो कशासाठी, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगितलं पाहिजे. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही. शहरं चालतात ती विक्रीकरावर आणि घरपट्टीवर. 2001 साली तिथल्या मतदारांनीच 'इनिशिएटिव्ह 747' नावाचा कायदा मतपेटीतून करून घेतला: घरपट्टीचं उत्पन्न वर्षाला एक टक्क्याहून जास्त वाढवायचं नाही. त्याआधी ही मर्यादा सहा टक्के होती. नोव्हेंबर 2007 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला, तर त्याच महिन्यात विधिमंडळानं खास अधिवेशन भरवून तो पुन्हा जसाच्या तसा आणला. आमदार कुठलेही असोत, घरपट्टी म्हटली की त्यांच्या अंगात असं चापल्य येतं.

झालं असं की डांबर महागतं, आगबंब महागतो, बंबावरच्या माणसाचा पगार आणि त्याचा विमा वाढतो, आणि पालिकेला मिळतो एक टक्का. त्याहून जास्त हवं असेल तर मतदारांना विचारा. त्या विचारण्याचं नाव 'लेव्ही लिड लिफ्ट', लेव्ही म्हणजे करआकारणी. नाना त्याला 'झाकण उचलणं' म्हणतात. निम्म्याहून एक मत जास्त पडलं तर झाकण उचललं गेलं. शाळेची इमारत बांधायचा बाँड असेल तर मात्र साठ टक्के लागतात. 2014 साली लेक वॉशिंग्टन शाळा जिल्ह्याचा बाँड निम्म्याहून बरीच जास्त मतं मिळवूनही नापास झाला होता. त्याचं नाव काढलं की नाना अजून पाणी मागतात. "अरे, बहुमत मिळूनही हरायचं? इतकं तर आमच्या कॉलेजच्या निवडणुकीतही होत नव्हतं."

खरी पंचाईत अशी की हे एक टक्क्याचं गणित कोणालाही कळत नाही. म्हणजे नानांना सोडून. दिवाळीच्या पार्टीत त्यांच्याभोवती पाच-सहा जण सापडतात, सगळे संगणकवाले, ज्यांच्या कोडवर अर्धं जग चालतं असे. त्यातला एक कुरकुरतो, "नाना, एक टक्का कसला? माझ्या घराची किंमत गेल्या वर्षी पंधरा टक्के चढवली असेसरनं. पालिकेनं पंधरा टक्के हाणले की!" नानांच्या हातात चकली असते. ती ते ताटलीत ठेवतात, म्हणजे आता किमान वीस मिनिटं गेली हे जाणकार ओळखतात.

"पंधरा टक्के नाही. आधी पालिकेचं एकूण ताट ठरतं. गेल्या वर्षी शंभर रुपये, या वर्षी एकशे एक. शिवाय नवीन घरं बांधली असतील त्यांचं वेगळं. मग ते एकशे एक सगळ्या घरांवर वाटायचे. सगळ्यांच्या किमती पंधरा टक्के चढल्या तर दर खाली येतो. तुझं एकट्याचं घर जास्त चढलं तर तुझा वाटा वाढतो, दुसऱ्याचा घटतो. पालिकेच्या हातात एकशे एकच."

"मग माझं बिल का वाढलं?"

"कारण त्या बिलात पालिका थोडीशीच आहे! राज्याच्या शाळा, तुझ्या शाळा, काउंटी, बंदर, वाचनालय, अँब्युलन्स, आणि दर वेळी आपणच मत देऊन वाढवलेलं ते."

"आपण म्हणजे कोण?"

इथं नाना थबकतात. कारण 'आपण' म्हणजे पुष्कळ अंशी तेच असतात.

असेसरचं ते किमतीचं कार्ड हाही एक अभ्यासाचा विषय आहे. काउंटीकडून दर वर्षी टपालानं येतं. ज्याचं आकडा पाहून डोकं फिरतं तो साठ दिवसांत अपील करतो आणि अर्जात आपल्या घराचं असं वर्णन करतो की वाचणाऱ्याला वाटावं, ही माणसं ताडपत्री बांधून राहतात. छप्पर गळतं, मागच्या बाजूनं हायवेचा आवाज येतो, स्वयंपाकघर 1987 सालचं आहे. त्याच शनिवारी त्याच घरात वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना तो सांगत असतो, "आता घेणाऱ्याला परवडायचं नाही हो हे घर." नानांनी अपील कधीच केलं नाही. किंमत वाढली म्हणून ते कोणाला सांगतही फिरले नाहीत. ते कार्ड उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहितात.

प्रचाराचं एक ठरलेलं नाणं आहे: कॉफी. अमुक लेव्ही म्हणजे महिन्याला फक्त एक कॉफी, तमुक म्हणजे दोन. 2012 साली कर्कलंडनं दोन लेव्ह्या एकदम मांडल्या होत्या, रस्त्यांसाठी हजार डॉलरच्या किमतीमागे वीस सेंट आणि बागांसाठी सोळा. पाच लाखांच्या घराला रस्त्याचे वर्षाला शंभर डॉलर, महिन्याला आठ. नाना दारात उभं राहून हातानं आडवी रेघ मारीत सांगायचे, "दोन कॉफ्या, आणि घरासमोरचा खड्डा बंद." दोन्ही मंजूर झाल्या. तेव्हापासून नानांचा कॉफीवर विश्वास बसला.

घरात काकूंचा मात्र बसला नाही. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडून ठेवला आहे, तो मी स्वतः पाहिला आहे. रस्ते, दोन कॉफ्या. बागा, दीड. काउंटीच्या बागा वेगळ्या, एक. वाचनालय, एक. लहान मुलांची लेव्ही, दीड. माजी सैनिक आणि ज्येष्ठ नागरिक, एक. आगबंब, दोन. अँब्युलन्स, दोन. आणि शेवटी 'बोटांचे ठसे, पाव'. किंग काउंटीत गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे जुळवणाऱ्या यंत्रणेसाठीही वेगळी लेव्ही आहे, 1986 पासून. मतदार तीही पुन्हा पुन्हा मंजूर करत आले आहेत. बेरजेखाली काकूंनी लिहिलंय: 'महिन्याला बारा कॉफ्या.' आणि त्याखाली, कंसात: 'या घरात कॉफी फक्त आषाढीला आणि शिवरात्रीला होते.'

नानांनी तो कागद पाहिला, बेरीज तपासली, आणि "पाव धरलास ना, मग सव्वाबारा" एवढंच म्हणाले.

समोरच्या घरात बोइंगमधून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. नानांच्या अंगणात 'यस'ची पाटी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात 'नो'ची लागते. दोघांचं वैर म्हणावं, तर मंगळवारी रात्री एकमेकांचे कचऱ्याचे डबे तेच रस्त्याकडेला नेऊन ठेवतात. तिथं प्रत्येक मतदाराच्या घरी निवडणुकीआधी एक पुस्तिका येते. तीत ठराव छापतात, समजेल असा खुलासा छापतात, मग एका बाजूला बाजूनं लिहिलेलं आणि दुसऱ्या बाजूला विरोधात लिहिलेलं, शिवाय दोघांची एकमेकांना उत्तरं. विरोधात लिहायला कोणी पुढं आलंच नाही तर तसं छापतात. नानांना ती मोकळी जागा सहन होत नाही. वर्गणीला नाही म्हणणारं गल्लीत एक तरी घर असावं, नाहीतर मागण्यात काय अर्थ, असं त्यांचं मत आहे. एका वर्षी आजोबांनी विरोधाचा मजकूर लिहिला तेव्हा नाना कच्चा खर्डा वाचायला मिळावा म्हणून स्वतः गेले. आजोबांनी करवाढीचा आकडा चुकवून कमी धरला होता. नाना टेबलाशी बसले, पेन्सिल घेतली आणि त्यांना तो वाढवून दिला.

"अहो, पण त्यानं तुमच्याच बाजूचं नुकसान झालं," मी म्हणालो.

"चुकीच्या आकड्यावर मिळालेला होकार घेऊन काय करायचंय?" नाना म्हणाले. "हरायचं तर नीट हरावं."

त्या वर्षी ते जिंकले, हा भाग वेगळा. आजोबांनी अभिनंदनाला टोमॅटो पाठवले.

टोमॅटोवरून आठवलं. निवडणूक झाली की अंगणातल्या पाट्या काढाव्या लागतात. त्यांच्या खालच्या लोखंडी तारांची चौकट नाना फेकत नाहीत. परसात त्यांची रांग लावून त्यावर दोडका चढवतात. मागे गेलो होतो तेव्हा एका चौकटीत पाटीही तशीच राहिली होती. पानांतून फक्त 'यस' दिसत होतं आणि त्याखाली हातभर दोडका लोंबत होता.

नानांची सगळ्यात मोठी कुचंबणा नगरपालिकेत होते. राज्याचा कायदा असा की पालिकेनं सरकारी पैशानं, सरकारी जागेत, सरकारी वेळेत ठरावाचा प्रचार करायचा नाही. माहिती द्यायची, 'हो म्हणा' म्हणायचं नाही. ज्यांना पैसे हवे आहेत त्यांनीच तोंड मिटून बसायचं. शेतकरी बाजारात पालिकेचं माहितीचं टेबल लागलं की नाना मुद्दाम तिथं जातात. टेबलामागची मुलगी नकाशा दाखवते, किती फूटपाथ, किती बंब, किती मिनिटांत पोचतो, सगळं सांगते.

"म्हणजे चांगलं आहे ना?" नाना विचारतात.

"मी तुम्हाला वस्तुस्थिती सांगू शकते," ती म्हणते.

"वस्तुस्थिती चांगली आहे ना?"

"वस्तुस्थिती या पत्रकात आहे."

नाना पत्रक घेतात, चार पावलं बाजूला होतात, टेबलाची हद्द संपली याची खात्री करून घेतात आणि मागून येणाऱ्या माणसाला म्हणतात, "फार चांगलं आहे हो."

तलावाच्या बाबतीत मात्र नानांना यश नाही. गावाला पाण्याचं एवढं मोठं सरोवर लाभलेलं, पण बारा महिने पोहता येईल असा छपराखालचा मोठा तरणतलाव हवा, शेजारी व्यायामशाळा हवी, ही जुनी मागणी. 2015 च्या नोव्हेंबरात ती मतदारांपुढं आली आणि आपटली. 2023 च्या नोव्हेंबरात बागांच्या ठरावाबरोबर पुन्हा आली. नाना आठ वर्षांनी मोठे झाले होते, गुडघे बोलू लागले होते, तरी फिरले. एका दारात तरुण मराठी मुलगा भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्ही पोहता का?"

"नाही रे."

"मग काकू?"

"त्यांना पाण्याची भीती वाटते."

"नातवंडं?"

"टेक्ससमध्ये."

"मग तुम्हाला कशाला हवा तलाव?"

नाना त्याच्याकडे बघत राहिले. "माझ्या घराला आगही लागलेली नाही अजून," ते म्हणाले, "तरी बंबाचे देतोच ना. गल्लीच्या गणपतीची वर्गणी देताना कोणी विचारतं का, मूर्ती घरी नेता येईल का म्हणून?"

मुलगा हसला. मत मात्र त्यानं काय दिलं ते त्याच्या लिफाफ्यालाच ठाऊक.

लिफाफा, कारण तिथं सगळं मतदान टपालानं. केंद्र नाही, रांग नाही, बोटाला शाई नाही. मतपत्रिका घरी येते, जेवणाच्या टेबलावर बसून गोल काळा करायचा, लिफाफ्यावर सही करायची आणि नगरपालिकेबाहेरच्या पेटीत टाकायची. टपालात टाकली तर तिकीटही लागत नाही. तरी नाना ती स्वतः नेतात, इस्त्रीचा शर्ट घालून. काकू आपली मतपत्रिका भरताना टेबलावर वरणाचं पातेलं मध्ये ठेवतात. नाना मान लांब करतात. "गुप्त मतदान आहे," काकू म्हणतात. गेली कित्येक वर्षं या घरातली दोन मतं लेव्हीला मिळतात की एकमेकांना कापतात, हे नानांना कळलेलं नाही आणि विचारायचा धीरही झालेला नाही.

निकालाचे पहिले आकडे रात्री सव्वाआठला येतात. 2023 च्या त्या रात्री नाना आठपासून संगणकासमोर होते. आकडे आले, आणि तलाव बुडाला. शेवटच्या दिवशी पेटीत पडलेल्या मतांत थोडं वर येईल अशी आशा होती, पण अंतर फार होतं. काकूंनी न बोलता कॉफी करून आणली. आषाढी नव्हती, शिवरात्रीही नव्हती. नानांनी कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही कुठल्या खात्यात धरायची?"

त्या हिवाळ्यात नाना गावी गेले होते. गावचं घर अजून त्यांच्या नावावर आहे. तिथली घरपट्टी ते मुदतीआधी, सवलत घेऊन भरतात. महापालिकेचं नाव ते सांगू देत नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. बिल हातात आलं, त्यात सामान्य कर, शिक्षण कर, वृक्षकर, अग्निशमन कर असे रकाने, आणि नानांमधला कर्कलंडकर जागा झाला. हे कोणी ठरवलं? कोणाला विचारून?

वास्तविक नानांना सगळं ठाऊक आहे. आपल्याकडं आयुक्त अंदाजपत्रकात करवाढ सुचवतात, स्थायी समिती 'नागरिकांवर बोजा नको' म्हणून ती फेटाळते, दोघांचे फोटो छापून येतात आणि रस्ता होता तिथंच राहतो. मतं मागायची ती कर वाढवू म्हणून नाही, माफ करू म्हणून. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 साली तसा माफ झालाही, आणि त्या यादीत बसणाऱ्यांनी पेढे वाटले त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण नाना खिडकीपाशी वाकले ते वाकलेच.

"अहो, हा अग्निशमन कर वाढवायचा विचार आहे का?"

खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली नाही. "नाही साहेब, काही वाढ नाही. भरा तुम्ही."

"वाढ नाही कशी? गावात बंब किती आहेत? घरं केवढी वाढली. वाढवा की. फक्त आम्हाला विचारा आधी. मी हो म्हणेन. आमची गल्ली मी बघतो, सगळ्यांच्या सह्या आणून देतो."

आता कारकुनानं मान वर केली. नानांकडं पाहिलं, त्यांच्या मागच्या रांगेकडं पाहिलं, मग खुर्ची मागं सारून आतल्या माणसाला हाक मारली.

"ए, यांचा मालमत्ता क्रमांक बघ रे. थकबाकी किती दाखवतंय?"

आतून उत्तर आलं, "शून्य. मागचं सगळं भरलेलं आहे."

"दंड?"

"नाही."

"मग नोंद, वारस, बांधकाम, काही अडकलंय का यांचं?"

"काहीच नाही."

कारकून पुन्हा नानांकडं वळला, आणि या वेळी जरा अदबीनं म्हणाला, "साहेब, तुम्ही ऑडिटचे आहात काय?"